संकर म्हणजे वांझ नव्हे

 

आज एका कालवडीची गोष्ट सांगून सुरुवात करतो. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा गावची यात्रा भरते, तिथला गुरांचा बाजार आपल्याला ठाऊकच आहे. आमच्या गटातल्या एक ताई दोन वर्षांपूर्वी तिथे आपली जर्सी संकरित कालवड घेऊन गेल्या होत्या. कालवड अडीच वर्षांची, अंगानं बरी. दोनदा रेतन केलं होतं आणि दोन्ही वेळा उलटली होती. बाजारात एका गिऱ्हाइकानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हायब्रीड आहे ना ही? मग खेचराची गत. हायब्रीड जनावर वांझच निघतं." आजूबाजूच्या चार माणसांनी माना डोलावल्या. ताईंनी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैशात कालवड त्याच माणसानं नेली.

दिवाळीच्या सुमारास कळलं की ती त्याच्याकडे व्याली. कालवडच झाली.

पैशाचं नुकसान तर झालंच. पण ताईंना जास्त लागलं ते दुसरंच. तो शब्द आपल्यातल्या किती जणींनी स्वतःच्या दारात ऐकलेला असतो. म्हणून एखाद्या मुक्या जनावराला कोणी तसं म्हटलं की आपण वादही घालत नाही, मान खाली घालतो. त्या दिवशी आम्ही चौघी तिथेच उभ्या होतो आणि आमच्यातल्या एकीलाही "हे खोटं आहे" असं ठामपणे म्हणता आलं नाही. कारण आम्हालाही नक्की माहीत नव्हतं.

मग आम्ही गटागटांत विचारत गेलो: संकर म्हणजे काय, हायब्रीड म्हणजे काय? उत्तरं ऐकण्यासारखी होती. कोणी म्हणालं, हायब्रीड बी पुन्हा उगवतच नाही. कोणी म्हणालं, ब्रॉयलर कोंबडी हा कुठल्याशा मोठ्या पक्ष्याशी केलेला संकर आहे. जर्सी ही गायच नव्हे, असं एका आजींचं ठाम मत. एकीच्या माहेरी लांब तोंडाचं भुरं कुत्रं आहे, ते कोल्ह्याचं म्हणून सगळं गाव त्याला टरकून असतं. आणि एका शाळकरी पोरीनं विचारलं, "संकर केला की नवीन प्राणी तयार होतो ना?" तिचा प्रश्न सगळ्यांत चांगला होता. त्याच्याकडे येऊच.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. घोटाळ्याचं मूळ आपल्या 'जात' या शब्दात आहे. गीर ही गायीची जात, आणि गाय नि म्हैस याही दोन जाती, असं आपण एकाच तोंडानं म्हणतो. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गीर, डांगी, जर्सी, होल्स्टिन, आपल्या कोकणातली लहान चणीची कपिला, हे सगळे एकाच प्राण्याचे वाण. आंब्यात जसा हापूस आणि पायरी. गाय आणि म्हैस मात्र दोन वेगळे प्राणी, त्यांना आपण प्रजाती म्हणू. पुस्तकातही या शब्दांचा गोंधळ आहे. वर्तमानपत्रं ज्याला प्रजाती म्हणतात त्याला काही शास्त्राची पुस्तकं जाती म्हणतात. आज आपल्यापुरतं ठरवून टाकू: वाण आणि प्रजाती. दोन वाणांचा संकर आणि दोन प्रजातींचा संकर या दोन्हींना आपण 'हायब्रीड' हा एकच शब्द लावतो, आणि त्या यात्रेतल्या माणसानं नेमकं तेच केलं. खेचराचा नियम कालवडीला लावला.

खेचर म्हणजे काय, ते बघू. चारधामला जाऊन आलेल्या जणींनी केदारनाथच्या वाटेवर खेचरं पाहिली असतील. सैन्यातही डोंगरावर सामान चढवायला ती वापरतात. आई घोडी आणि बाप गाढव. गाढवासारखं चिवट, घोड्यासारखं उंच. पण खेचराला खेचर होत नाही, दर वेळी घोडी आणि गाढव पुन्हा एकत्र आणावे लागतात. असं का?

प्रत्येक प्राण्याच्या शरीरात, अगदी कणाकणात, गुणसूत्रं नावाचे बारीक धागे असतात. रंग, उंची, दूध, शिंगं, सगळ्याचा हिशेब त्यांच्यावर लिहिलेला असतो. ते जोडीजोडीनं असतात, जोडीतला एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. घोड्यात ६४ म्हणजे ३२ जोड्या, गाढवात ६२ म्हणजे ३१ जोड्या. पिल्लाला घोडीकडून ३२ मिळतात, गाढवाकडून ३१. बेरीज ६३.

आता आपल्यातल्या ज्या जणी जीन्सचं शिलाईकाम करतात किंवा उल्हासनगरच्या मालाचे धागे घरी कापतात, त्यांना पुढचं लगेच कळेल. पँटची चेन डोळ्यासमोर आणा. एका पट्टीवर ३२ दात, दुसऱ्या पट्टीवर ३१, आणि त्यातले बरेच पुढेमागे बसलेले. पँट शिवून होते, अंगात घालता येते, चांगली टिकते. फक्त चेन लागत नाही. खेचराचं तसंच आहे. त्याचं शरीर धडधाकट असतं, कारण जगण्यासाठी, चालण्यासाठी, ओझं वाहण्यासाठी या पट्ट्या एकमेकींत बसाव्या लागत नाहीत. पण पुढच्या पिढीचं बीज तयार होताना प्रत्येक धाग्याला आपला जोडीदार सापडावा लागतो. खेचरात तो सापडत नाही, म्हणून बीजच नीट तयार होत नाही. मादी खेचराला पिल्लू झाल्याच्या जगभरात तुरळक नोंदी आहेत, नराच्या बाबतीत आशाच नाही.

आणि आता कालवड. आपल्या वशिंडवाल्या देशी गायीत ६० गुणसूत्रं. बिनवशिंडाच्या जर्सीत ६०. होल्स्टिनमध्येही ६०. या दोन्हींचे रानटी पूर्वज लाखो वर्षं एकमेकांपासून दूर राहिले, माणसानं त्यांना पाळलंही वेगवेगळ्या ठिकाणी, एकीला पश्चिम आशियात आणि दुसरीला सिंधूच्या बाजूला. तरीही दोन्ही पट्ट्यांचे दात एकमेकांसमोर येतात आणि चेन सरळ वरपर्यंत जाते. संकरित कालवड गाभण राहते, संकरित वळूचं बीजही चालतं.

यासाठी लांब जायला नको. पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली आणि गोठवलेलं वीर्य घेऊन शेतकऱ्याच्या दारात जाऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजवली. आज गावोगाव ज्या संकरित गायी दिसतात, त्या त्या कामाच्या लेकी, नाती आणि पणत्या. वांझ असत्या तर पणत्या आल्या कुठून? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' गाय तर तीन वाणांची आहे, गीर, जर्सी आणि होल्स्टिन. आधी दोघांचा संकर, त्या संकरित गायीला तिसरा वळू. संकरित गाय व्याली नसती तर त्रिवेणी झालीच नसती.

मेंढ्यांचंही एक उदाहरण सांगायला हवं. आपल्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची छोटीशी मेंढी आहे, तिला जुळी होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गारोलचा तो जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' हा वाण केला. इथे तर संकरामुळे लेकरं वाढली!

मग त्या कालवडीचं दोनदा का उलटलं? हे आम्ही एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उलट आम्हालाच प्रश्न विचारले. माज कधी दिसला आणि रेतन कधी केलं? सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन करावं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ताईंच्या घरी माज दिसल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस आला होता. वजन किती होतं? संकरित कालवड दीड वर्षाच्या आसपास माजावर येऊ शकते, पण अंग भरलेलं हवं, अडीचशे किलोच्या आसपास. खनिज मिश्रण देत होता का? नुसत्या पेंढ्यावर आणि भाताच्या तुसावर वाढलेल्या जनावराला पोट भरलं तरी क्षार मिळत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल, गोचीड, दमट उकाडा, त्यात काही जनावरं मुका माज दाखवतात. म्हणजे हंबरत नाहीत, दुसऱ्या गायीवर चढत नाहीत, फक्त पारदर्शक सोट दिसतो. तो पहाटे गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईलाच दिसतो. म्हणजे आपल्यालाच. पण रेतनवाल्याला फोन करायचा तो घरातल्या पुरुषानं, अशी रीत. या दोघांच्या मध्ये माज निघून जातो.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो आम्ही कधी ऐकला नव्हता. ही जुळ्यातली आहे का? गायीला जुळं झालं आणि त्यात एक गोऱ्हा नि एक कालवड असेल, तर ती कालवड दहातून नऊ वेळा खरोखरच वांझ निघते. पोटात असताना दोघांचं रक्त एकत्र होतं आणि गोऱ्ह्याच्या बाजूनं येणाऱ्या रसांमुळे कालवडीचं गर्भाशय नीट घडत नाही. हे गीरमध्येही होतं आणि जर्सीतही, संकराशी त्याचा संबंध नाही. कालवड विकत घेताना हा प्रश्न नक्की विचारा, विकणारा आपण होऊन सांगत नाही.

आता दोन प्रजातींबद्दलच्या समजुती. गाय आणि म्हैस एका दावणीला असतात, एका तलावात डुंबतात, पण गायीची गुणसूत्रं ६० आणि आपल्या मुऱ्हा म्हशीची ५०. त्यांचा गर्भ धरत नाही. शेळी ६०, मेंढी ५४. एकत्र चरताना बोकड मेंढीवर जातो, कधी गर्भ राहतोही, पण बहुतेक वेळा पोटातच जातो. नुसत्या आकड्यावर जाऊ नका बरं का. गाय ६० आणि शेळीही ६०, म्हणून त्यांचं काही जुळत नाही. कुत्र्यात ७८, कोंबडीतही ७८! दातांची संख्या सारखी असून भागत नाही, दात एकमेकांसारखेही असावे लागतात.

ब्रॉयलर कोंबडी ही नुसती कोंबडीच आहे. मोठ्या पक्ष्याचा काही संबंध नाही. लवकर वजन धरणाऱ्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या निवडून, मग त्यांतल्या दोन-चार घराण्यांचा आपसांत संकर करून ती आलेली आहे. वनराजा, गिरीराजा याही कोंबड्याच. रस्त्यावर गुलाबी आणि हिरवी पिल्लं विकायला येतात तीसुद्धा कोंबडीचीच, रंग डब्यातला. ती बहुधा अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या हॅचरीतली नको झालेली नर पिल्लं असतात. पोरांना घेऊन देताना एवढं माहीत असावं.

पण कोंबडीत एक खरा संकर लपलेला आहे, तो कोणालाच माहीत नसतो. आपली कोंबडी मुळात लाल रानकोंबड्यापासून आली. त्याचे पाय पिवळे नसतात. मग आपल्या गावठी कोंबडीला पिवळे पाय कुठून आले? २००८ साली शास्त्रज्ञांनी तपासून दाखवलं की तो पिवळेपणा राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो तो. केव्हातरी पाळीव कोंबडीचा आणि त्याचा संबंध आला आणि ती खूण जगभरच्या कोंबड्यांच्या पायात राहिली. दोन वेगळ्या प्रजाती, तरी चेन थोडीफार लागली. म्हणजे दोन प्रजातींचा संकर दर वेळी वांझच असतो, असंही नाही.

संकरित वाणाबद्दल तक्रार करायची असेल तर ती वेगळीच करायला हवी. आमच्याच एका गटानं सुधारित कोंबड्यांची पिल्लं घेतली. कोंबड्या छान वाढल्या, अंडीही भरपूर. पुढच्या वर्षी कशाला विकत घ्यायची, म्हणून त्यांचीच अंडी उबवायला ठेवली. त्या कोंबड्या खुडूक होईनात, म्हणून गावठी कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली ती एकाला एक मिळेना. काही मोठी, काही किरकोळ, अंडी देण्यातही कमी-जास्त. गटात भांडणं झाली, कोणीतरी अंडी बदलली म्हणून. अंडी कोणीच बदलली नव्हती. दोन घराण्यांच्या संकरातून आलेली पहिली पिढी एकसारखी असते, पण तिच्या पोटची पिढी पत्ते पिसल्यासारखी येते. हुकुमाची पानं कोणाच्या हातात किती, ते सांगता येत नाही. हायब्रीड मक्याचं किंवा भाताचं बी घरी ठेवून पेरलं की हेच होतं. ते उगवतं, नीट उगवतं, पण सारखं येत नाही. 'उगवत नाही' आणि 'सारखं येत नाही' यात केवढा फरक आहे! पहिल्या समजुतीनं आपण जनावर मातीमोल विकतो. दुसरी गोष्ट कळली की पुढच्या वर्षीच्या पिल्लांचे पैसे आधीच बाजूला ठेवतो.

गायीतही थोडं तसंच. संकरित गायीला प्रत्येक पिढीत परदेशी वळूचंच रेतन करत गेलं की दूध वाढतं, पण उन्हाचा, गोचिडांचा त्रासही वाढत जातो. आपल्या दमट हवेत परदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवावं, असं जाणकार सांगतात. कोणत्या वळूचं रेतन केलं ते लिहून ठेवलं तरच हे जमतं. आमच्याकडे बहुतेक घरांत ती चिठ्ठी हरवलेली असते.

आता त्या पोरीचा प्रश्न. संकर केला की नवीन प्राणी तयार होतो का? बहुतेक वेळा, नाही. नवीन प्रजाती तयार होते ती दोन प्राणी जवळ आल्यामुळे नव्हे, दूर गेल्यामुळे.

अंबरनाथहून मलंगगड दिसतो, बदलापूरहून चंदेरीचा सुळका, त्याच रांगेत पुढे माथेरान. पूर्वेला, उल्हास नदीच्या खोऱ्यापलीकडे, सिद्धगड आणि भीमाशंकरची रांग. कल्पना करा की खडकाच्या सावलीत राहणारी बोटभर पाल या दोन्ही रांगांवर आहे. तिला मधलं उघडं, तापणारं खोरं ओलांडता येत नाही. इकडच्या पाली इकडे, तिकडच्या तिकडे. प्रत्येक पिढीत बारीकसारीक बदल होतात, कुठे रंग बदलतो, कुठे बोटांची ठेवण, कुठे जोडीदार निवडायची रीत. इकडचा बदल तिकडे पोचत नाही. हजारो पिढ्यांनी दोन्ही पट्ट्यांचे दात इतके वेगळे होतात की उद्या त्या पाली समोरासमोर आल्या तरी चेन लागत नाही. त्या दिवशी त्या दोन प्रजाती झाल्या. पण 'तो दिवस' असा कोणी दाखवू शकत नाही, जसं पोर मोठं कधी झालं तो दिवस आईला दाखवता येत नाही. सह्याद्रीत खडकांवर राहणाऱ्या छोट्या पालींच्या कितीतरी प्रजाती अशाच आहेत, काही तर एखाद्याच डोंगरापुरत्या. त्यातल्या बऱ्याच गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी मुलांनीच शोधून काढल्या.

'नवी प्रजाती सापडली' अशी बातमी आली की ती काल-परवा जन्मली, असं वाटतं. नवीन असतं ते नाव. २०२१ साली ठाणे-कल्याण भागात उड्या मारणाऱ्या एका छोट्या कोळ्याची नवी प्रजाती नोंदवली गेली आणि २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना शहीद झालेले सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं 'आयसियस तुकारामी'. तो कोळी तिथे आधीपासूनच होता, आपण त्याला ओळखत नव्हतो एवढंच.

संकरातून खरोखर नवी प्रजाती झाल्याची उदाहरणं हवी असतील तर गोठ्यात बघू नका, स्वयंपाकघरात बघा. वनस्पतींना एक गोष्ट जमते ती जनावरांना क्वचितच जमते. संकर झाल्यावर त्यांची सगळी गुणसूत्रं कधीकधी दुप्पट होतात. म्हणजे न जुळणाऱ्या प्रत्येक पट्टीला तिची हुबेहूब जोडीदार मिळते आणि चेन लागते. फोडणीतली आपली मोहरी अशीच झाली. एक १६ गुणसूत्रांची काळी राई, दुसरी २० गुणसूत्रांची सलगमच्या घरातली वनस्पती, त्यांच्या संकरातून ३६ गुणसूत्रांची मोहरी. खपली गव्हात २८, एका रानगवतात १४, त्यांच्या मेळातून आठ-दहा हजार वर्षांपूर्वी ४२ गुणसूत्रांचा आपला पोळीचा गहू. हे आम्ही एका बैठकीत सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आपण रोज संकरच खातो की! आणि माझा म्हातारा हायब्रीड नको म्हणून ताटावरून उठतो."

एक गोष्ट इथेच बोलून टाकू. संकर, जात बिघडली, रक्त बिघडलं, हे शब्द माणसांसाठीही वापरतात, विशेषतः पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं की. माणसाची गुणसूत्रं ४६, कुठल्याही घरातल्या, कुठल्याही देशातल्या. माणूस ही एकच प्रजाती आहे आणि वाणही नाहीत. दोन माणसांच्या लेकराला संकर म्हणायला शास्त्रात जागा नाही.

संकर कुठेच घातक नसतो, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगे आहेत. तिथल्या काही लांडग्यांचा रंग आणि ठेवण वेगळी दिसू लागली, तेव्हा पुण्याच्या द ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांनी आणि बंगळूरच्या एट्री व एनसीबीएस या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली. २०२३ साली बाहेर आलं की त्यांत कुत्र्याचं रक्त आहे. गुणसूत्रांच्या तपासणीतून सिद्ध झालेला हा देशातला पहिला पुरावा. कुत्रा मुळात लांडग्यापासूनच आलेला, दोघांची गुणसूत्रं ७८, पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. अडचण नेमकी तीच आहे. देशात लांडगे उरले दोन-तीन हजारांच्या आसपास, असा अभ्यासकांचा अंदाज, आणि भटकी कुत्री मोजता येणार नाहीत इतकी. गावाबाहेर टाकलेल्या कोंबडीच्या कचऱ्यावर, मेलेल्या जनावरांवर कुत्री वाढतात, माळावर जातात, आणि थोड्या लांडग्यांत पुष्कळ कुत्रा मिसळत जातो. मरून न जाताही लांडगा संपू शकतो. इथे संकर वांझ असता तर उलट बरं झालं असतं.

त्या माहेरच्या भुऱ्या कुत्र्याचं राहिलं. कुत्रा आणि कोल्हा यांची पिल्लं माणसानं बांधून ठेवलेल्या जागी झालेली आहेत, मोकळ्या रानात ते फार क्वचित. लांब तोंड आणि भुरा रंग आपल्या गावठी कुत्र्यांत मुळातच असतो. त्याला टरकून राहण्याचं कारण नाही. रेबीजची लस टोचलीय का, तेवढं विचारा.

आणि त्या ताई. मागच्या उन्हाळ्यानंतर त्यांनी गटातून कर्ज काढून पुन्हा एक कालवड घेतली, संकरितच. घेताना जुळ्यातली नाही ना, ते विचारून घेतलं. दारामागच्या कालनिर्णयवर त्यांनी माजाची तारीख लिहिली, त्याच संध्याकाळी स्वतः फोन करून रेतनवाल्याला बोलावलं, वळूचा नंबर लिहून घेतला. पुढे एकविसाव्या दिवशी पहाटे उठून गोठ्यात बसल्या होत्या. माज परत दिसला नाही. आता पुढच्या महिन्यात डॉक्टर येऊन गाभण तपासणी करतील.